शिकणाऱ्या यंत्राचा लगाम

बंगळूर शहराच्या उत्तरेस, बळ्ळारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, येलहंका नावाचे एक जुने गाव आहे. आज महानगराने त्याला आपल्या पोटात घेतले असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने हे नाते उलटे आहे. येलहंका हे बंगळूरचे उपनगर नव्हे. बंगळूर हेच येलहंक्याचे अपत्य होय. १५३७ साली ज्यांनी बंगळूर वसविले ते केंपेगौडा येलहंका नाडाचे नायक होते. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने या घराण्याकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी श्रोत्यांना या भूमीविषयी आपलेपणा वाटावयास एवढा धागा पुरेसा आहे.

तथापि येलहंक्याचे नाव आज देशभर ऐकू येते ते तेथील हवाई दलाच्या ठाण्यामुळे. १९९६ पासून, बहुधा दर दोन वर्षांनी, या ठाण्यावर ‘एरो इंडिया’ हे विमानविद्येचे मोठे प्रदर्शन भरते. त्या दिवसांत बंगळूरच्या महापालिकेचा एक हुकूम निघत असतो. २०२५ च्या फेब्रुवारीतील प्रदर्शनाच्या वेळी ठाण्यापासून १३ किलोमीटरांच्या टापूत मांस, कोंबडी व मासळी यांची विक्री बंद ठेवण्यास सांगण्यात आले होते. परगावच्या माणसाला हा हुकूम धार्मिक स्वरूपाचा वाटेल. परंतु त्याचे कारण निराळे आहे. मांसाच्या दुकानांबाहेर टाकलेल्या अवशेषांवर घारी जमतात, आणि आकाशात घिरट्या घालणारी एक घार वेगाने जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात सापडली, तर विमान व वैमानिक दोहोंचा घात होऊ शकतो. घारीला हुकूम देता येत नाही. तिला परवाना नाही, तिच्याशी बिनतारी संदेशाने बोलता येत नाही. म्हणून जिच्यासाठी ती येते ती वस्तूच हलवावयाची, आणि मग घारी आपोआप दुसरीकडे जातील असे पाहावयाचे. ज्यांना आज्ञा देता येत नाही अशा असंख्य स्वतंत्र घटकांना ताब्यात ठेवण्याचा हा अगदी व्यवहारी मार्ग आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून शास्त्रज्ञांनी असेच एक यंत्र घडवीत आणले आहे, की ज्याच्या एकेका घटकाला आज्ञा देण्याची सोय नाही. त्याला कृत्रिम चेताजाल म्हणतात. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना संदेश देतात, त्या रचनेची ढोबळ नक्कल म्हणजे हे जाल. त्यात लाखो, आता तर अब्जावधी दुवे असतात. प्रत्येक दुव्याला एक लहानसा भार असतो, म्हणजे त्यातून जाणारा संदेश किती जोराचा मानावयाचा याचा आकडा. कोणत्याही एका पेशीला सबंध प्रश्न ठाऊक नसतो. तरीही सर्व मिळून छायाचित्रातील चेहरा ओळखतात, एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत नेतात, आणि अलीकडे लढाऊ विमानही उडवितात. मग या गर्दीत शिस्त कोण राखतो? आणि शिस्त बिघडल्यास लगाम कोणी ओढावयाचा?

या विद्येचा प्रारंभ १९४३ साली झाला असे मानतात. वॉरन मॅककलक हे मेंदूचे अभ्यासक आणि वॉल्टर पिट्स हा विशीतला तर्कशास्त्रज्ञ, या दोघांनी त्या वर्षी चेतापेशीचे एक गणिती चित्र मांडले. त्यांच्या पेशीला दोन प्रकारचे संदेश मिळत : काही चेतविणारे, काही आवरणारे. चेतविणाऱ्या संदेशांची बेरीज ठराविक मर्यादेला पोहोचली की पेशी पेटे. मात्र आवरणारा एक जरी संदेश आला, तरी चेतविणारे कितीही असोत, पेशीने गप्प राहावयाचे. दहा जण ‘हो’ म्हणत असताना एकाने ‘नाही’ म्हटले की विषय संपला, असा तो कारभार होता. पुढच्या काळात हा नियम सैल झाला; आवरणाऱ्या संदेशालाही केवळ एक उणा आकडा मानून बेरजेत घेऊ लागले. गणिताला ते सोईचे पडले. पण निरपवाद नकाराची ती मूळ कल्पना फेकून देण्याजोगी नव्हती, हे पुढे दिसून येईल.

आवरण्याला एवढे महत्त्व का? मेंदूत चेतना अनिर्बंध पसरली तर अपस्माराचा झटका येतो. नुसती चेतना म्हणजे वणवा. येलहंक्यानेच असा एक वणवा पाहिला आहे. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शनाच्या वाहनतळावर आग लागली; वाळलेले गवत आणि वारा यांच्या साह्याने ती एका मोटारीवरून दुसरीवर गेली आणि सुमारे ३०० मोटारी जळाल्या. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. शेजाऱ्याने पेटविले म्हणून पेटावयाचे आणि पुढच्याला पेटवावयाचे, एवढाच नियम असेल आणि मध्ये मोकळी जागा नसेल, तर कोणत्याही रचनेची हीच गत होते. म्हणून चेताजालात निरनिराळ्या ठिकाणी बांध घालावे लागतात, आणि त्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या बांधांचाच इतिहास आहे.

पहिला प्रश्न शिकविण्याचा होता. फ्रँक रोझेनब्लाट यांचे ‘परसेप्ट्रॉन’ हे शिकणारे यंत्र १९५८ च्या सुमारास गाजले. परंतु त्यात शिकणारा थर एकच होता. अनेक थर एकावर एक रचले, की उत्तर चुकल्यावर दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हे कळेना. शेवटच्या थराने चूक केली की त्याला खालून चुकीची माहिती मिळाली? १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स यांच्या निबंधाने या प्रश्नाची एक गणिती तोड सर्वमान्य केली. अंतिम उत्तरातील चूक मोजावयाची आणि ती शेवटाकडून आरंभाकडे, थराथराने मागे नेत, प्रत्येक दुव्याचा त्या चुकीत किती वाटा होता हे काढावयाचे. मग ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्याचा भार किंचित बदलावयाचा. लाखो उदाहरणे अशी फिरविली की जाल हळूहळू सुधारते. येथे कोणी कोणाला हुकूम देत नाही. केवळ चुकीची खबर मागे जाते. हेच ते घारींचे तत्त्व, फक्त अधिक सूक्ष्म रूपात.

परंतु खबर मागे नेण्यातही एक गोम निघाली. थर पुष्कळ असले, की मागे जाता जाता ती एक तर विरून जाते किंवा भलतीच फुगते. सचिवालयातून निघालेले परिपत्रक जिल्ह्याच्या व तालुक्याच्या वाटेने गावच्या चावडीवर पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या अडचणीची कल्पना यावयास गणिताची गरज नाही. १९९७ मध्ये सेप होखरायटर व युर्गेन श्मिडहुबर यांनी त्यावर एक उपाय सुचविला. त्यांनी जालाच्या आत दारे बसविली. कोणती माहिती आत घ्यावयाची व कोणती बाहेर सोडावयाची, हे ही दारे ठरवीत. जुने काय विसरावयाचे यासाठीचे दार थोड्या काळाने आणखी एका निबंधाने बसविले. धुळे-नाशिककडे फड पद्धतीच्या पाटावर पाटकरी ज्याप्रमाणे एका शेताचे दार उघडतो व दुसऱ्याचे लावतो, तसेच हे काम. फरक एवढाच, की येथे पाटकरीही जालाच्याच पेशींचा बनलेला असतो आणि दार केव्हा उघडावे हे तोही चुकांमधूनच शिकतो.

२०१७ साली यापुढचे पाऊल पडले. गूगलमधील आठ संशोधकांच्या एका निबंधाने ‘अवधान’ या एकाच तत्त्वावर सबंध जाल उभे करून दाखविले. या आठांत आशीष वासवानी आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमार हे दोघे भारतीय होते. वाक्यातील प्रत्येक शब्दाने इतर कोणत्या शब्दांकडे किती लक्ष द्यावयाचे याचे माप या रचनेत काढतात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की या लक्षाची एकूण बेरीज नेहमी एकच असते. एकाकडे अधिक पाहिले की दुसऱ्याकडे कमी पाहावेच लागते. अंदाजपत्रकाची रक्कम ठरलेली असली की खात्याखात्यांतील ओढाताणीला जशी आपोआप मर्यादा पडते, तसा हा प्रकार आहे. बोलणारी, लिहिणारी जी यंत्रे आज लोकांच्या खिशातील दूरध्वनीतही आली आहेत, त्यांची उभारणी याच तत्त्वावर झालेली आहे.

त्यांपैकी अनेक मोठ्या यंत्रांत कामाची वाटणीही असते. तिची कल्पना १९९१ सालच्या एका निबंधातली. एकच प्रचंड जाल न करता अनेक लहान जाले करावयाची, त्यांना ‘तज्ज्ञ’ म्हणावयाचे, आणि आलेला प्रश्न कोणत्या तज्ज्ञाकडे पाठवावयाचा हे ठरविणारे एक वेगळे द्वारपाल-जाल ठेवावयाचे. कागदावर हे उत्तम दिसते. प्रत्यक्षात असे आढळले, की आरंभी जे एकदोन तज्ज्ञ योगायोगाने जरा बरे ठरतात, त्यांच्याकडेच द्वारपाल सगळे काम पाठवू लागतो; कामामुळे ते अधिक शिकतात, म्हणून त्यांच्याकडे आणखी काम जाते, आणि बाकीचे रिकामे बसून कायमचे अडाणी राहतात. कोणत्याही कचेरीत कामसू कारकुनाच्या टेबलावर फायलींचा डोंगर का असतो आणि शेजारचा सुखाने वर्तमानपत्र का वाचतो, याचा एवढा स्वच्छ गणिती खुलासा दुसरीकडे क्वचितच सापडेल. यंत्राच्या बाबतीत उपाय निघाला आहे : वाटणी विषम झाल्यास द्वारपालाला दंड. कचेरीच्या बाबतीत तसा उपाय अद्याप निघालेला नाही.

हे सर्व बांध जालाच्या आतले झाले. ते नीट बसले की जाल बुद्धिमान होते. पण ते सुरक्षित होते असे नव्हे. बुद्धी आणि सुरक्षितता यांमधील अंतर कोठे दिसते, हे पाहावयाचे तर पुन्हा विमानांकडे वळले पाहिजे.

१९ फेब्रुवारी २०१९. त्या वर्षीच्या प्रदर्शनाचा आदला दिवस. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या कवायती पथकाची येलहंक्यावर रंगीत तालीम चालू असताना दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी मृत्युमुखी पडले. अन्य दोघे वैमानिक छत्रीच्या साह्याने वाचले. या दुर्घटनेची मीमांसा करणे हा येथे हेतू नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की असल्या कवायतीत पंखाला पंख लावून, काही मीटरांच्या अंतराने, ताशी शेकडो किलोमीटरांच्या वेगाने माणसे उडत असतात, आणि त्यांना जागेवर ठेवणारे मध्यवर्ती यंत्र कोणतेही नसते. प्रत्येक वैमानिक शेजारच्या विमानाच्या ठराविक खुणेवर नजर ठेवतो आणि क्षणोक्षणी बारीक दुरुस्त्या करीत राहतो. नेता वळणाची सूचना देतो. पण अंतर राखतो तो ज्याचा त्याचा हात.

नियंत्रणशास्त्रात याविषयी एक महत्त्वाचा सिद्धान्त आहे. रांगेतील प्रत्येकाने केवळ आपल्या पुढच्याकडे पाहून चालावयाचे ठरविले, तर पुढे झालेली लहानशी हालचाल मागे जाताना वाढत जाते. हेब्बाळच्या पुलापाशी पुढच्या गाडीने जरासा गतिरोध केला, की पाऊण मैल मागची गाडी पूर्ण थांबते, हा रोजचा अनुभव त्याचाच. म्हणून शिस्त टिकवावयाची तर प्रत्येकाला शेजाऱ्याबरोबर नेत्याचीही खबर असली पाहिजे. १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर पाखरांचा थवा उडवून दाखविला, तेव्हा त्यांना तीन नियम पुरले : शेजाऱ्यावर आदळू नका, त्याच्या दिशेने व वेगाने उडा, आणि थव्याच्या मध्याकडे राहा. तो थवा सुंदर उडे. पण तो कोठे जाणार, हे त्या तीन नियमांत कोठेही लिहिलेले नव्हते. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीला सेनादिनाच्या संचलनात भारतीय सेनेने ७५ ड्रोनांचा थवा उडवून दाखविला. त्याला कोठे जावयाचे हे ठाऊक असणे मात्र भाग होते.

आता ‘तेजस’कडे येऊ. बंगळूरला घडलेले हे हलके लढाऊ विमान मुद्दामच अस्थिर बनविलेले आहे. सायकलीवर हात सोडून बसले तरी ती काही वेळ सरळ जाते. तेजसचे तसे नाही. संगणकाने क्षणभर हात काढला तर ते आकाशात भरकटेल. या अस्थिरतेच्या मोबदल्यात त्याला विलक्षण चपळाई मिळते. वैमानिक दांडा हलवितो तो केवळ आपली इच्छा कळविण्यासाठी; पंखावरील पाळी किती फिरवावयाच्या हे संगणक सेकंदात अनेक वेळा ठरवितो. हा संगणकही एकटा नाही. चार स्वतंत्र मार्गांनी एकच हिशेब होतो, चारही उत्तरे ताडून पाहिली जातात, आणि एखादे जुळले नाही तर त्याला बाजूला सारतात. बहुमताने विमान उडविण्याचा हा प्रकार लोकशाहीच्या टीकाकारांनी आवर्जून पाहण्यासारखा आहे.

या संगणकाने ज्या नियमांनी हिशेब करावयाचा, त्या नियंत्रण-नियमांसाठी १९९२ मध्ये एक राष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याने तयार केलेले नियम जुलै १९९६ मध्ये अमेरिकेत एका विशेष विमानावर तपासून पाहिले गेले. ‘व्हिस्टा’ हे त्याचे नाव. मूळचे ते एफ-१६, पण दुसऱ्या कोणत्याही विमानासारखे वागावयास लावता येईल असे बनविलेले. बहुरूप्याने सोंग घ्यावे तसे त्याने तेजसचे सोंग घेतले, आणि अद्याप जमिनीवरून न उठलेल्या विमानाचे गुणदोष ३३ उड्डाणांत पारखले गेले. दोन वर्षांनी, मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, अमेरिकेने निर्बंध घातले आणि ते दार बंद झाले. उरलेले काम बंगळूरच्या माणसांनी बंगळूरमध्येच पुरे केले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले तेजस १८ मिनिटे उडवून सुखरूप खाली आणले. ज्या विमानाचे संगणक चुकले असते तर कोणत्याही कौशल्याने ते सावरता आले नसते, अशा विमानात पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाचे धैर्य थोडे नव्हे. पण ते आंधळेही नव्हते. त्या नियमांची ओळन्ओळ माणसांनी लिहिलेली होती, आणि प्रत्येक ओळ का लिहिली याचे उत्तर देणारा कोणीतरी होता.

त्याच काळात बंगळूरमध्ये संरक्षण संशोधन संघटनेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव केंद्रात चेताजालांवरही काम चालू होते. १९८९ ते २००० या काळात या केंद्राचे संचालक असलेले मथुकुमल्ली विद्यासागर हे मूळचे नियंत्रणशास्त्रातले पंडित. उड्डाण-नियंत्रण, यंत्रमानव, चेताजाल, चित्रांचे विश्लेषण अशी निरनिराळी कामे त्यांच्या हाताखाली झाली. १९९७ मध्ये त्यांनी शिकण्याच्या गणिती सिद्धान्तावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात चेताजाले व नियंत्रण-यंत्रणा यांना एकत्र आणले. त्या शास्त्राचा गाभ्याचा प्रश्न थोडक्यात असा सांगता येईल : यंत्राला किती उदाहरणे दाखविली म्हणजे, न दाखविलेल्या उदाहरणातही ते बहुधा बरोबर ठरेल असे खात्रीने म्हणता येईल? यातील ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हाताने लिहिलेला नियम काही मर्यादेत सिद्ध करता येतो. शिकलेल्या जालाविषयी, ते कितीही हुशार असो, संभाव्यतेच्या भाषेतच बोलावे लागते; आणि तेही नवा प्रसंग जुन्या उदाहरणांच्याच जातकुळीचा असेल तर.

पुढे घडलेली गोष्ट कादंबरीत आली असती तर वाचकांनी ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती. ज्या ‘व्हिस्टा’ने १९९६ मध्ये तेजसचे सोंग घेतले, त्याच विमानाला २०२१ मध्ये एक्स-६२ए असे नवे नाव मिळाले, आणि डिसेंबर २०२२ पासून शिकलेली चेताजाले ते उडवू लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये माणसाने चालविलेल्या दुसऱ्या एफ-१६ विमानाशी त्याची आकाशात झुंज लावली गेली. दोन्ही विमाने एकमेकांपासून २,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे ६०० मीटरांच्या, आत आली आणि तेव्हा वेग ताशी सुमारे १,९०० किलोमीटर होता. जालाच्या विमानात सुरक्षेसाठी माणसे बसलेली होती. त्यांच्या हाताशी जाल बंद करण्याचा खटका होता. झुंजींत तो एकदाही वापरावा लागला नाही, असे अमेरिकन सरकारने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. मात्र त्या २१ चाचणी-उड्डाणांच्या दरम्यान उड्डाणाच्या दृष्टीने नाजूक अशा आज्ञावलीत एक लाखाहून अधिक ओळींचे बदल करावे लागले, हेही त्याच जाहिरातनाम्यात होते. आणि ती गोष्ट खटक्याच्या गोष्टीपेक्षा कमी बोलकी नाही.

कारण याआधी, ऑगस्ट २०२० मध्ये, संगणकाच्या पडद्यावर अशीच एक झुंज झाली होती. तीत जालाने अनुभवी एफ-१६ वैमानिकाला पाचपैकी पाच फेऱ्यांत हरविले. त्याचा हातखंडा डाव होता समोरासमोर येऊन तोफ डागण्याचा. माणसांच्या सरावात हा डाव निषिद्ध आहे, कारण त्यात दोन्ही विमाने एकमेकांवर आदळण्याचा धोका असतो. जालाने तो सर्रास वापरला. त्याला शौर्य म्हणावे काय? नाही. जालाला शिकविताना शत्रू पाडल्याबद्दल बक्षीस होते; आपण जगून घरी परतण्याची जी ओढ प्रत्येक वैमानिकाला कोणी न शिकविता असते, ती गणितात लिहावयाची राहून गेली होती किंवा अपुरी लिहिली गेली होती. ज्या मांसावर घारी जमतात ते दुकान कोठे उघडे आहे, यावर घारींचे उड्डाण ठरते. बक्षीस जसे मांडाल तसे यंत्र वागेल. तुम्ही मनात काय धरले होते याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

मग यावर तोड काय? बक्षिसाचे गणित अधिकाधिक बारकाईने लिहिणे ही एक झाली, आणि ती आवश्यकही आहे. पण अभियंत्यांचा अधिक भरवसा दुसऱ्या एका जुन्या युक्तीवर आहे. हुशार पण अगम्य अशा यंत्रावर एक साधा, मंदबुद्धी, परंतु पूर्णपणे तपासता येणारा पहारेकरी बसवावयाचा. हुशार यंत्र हवे तसे उडवील. पहारेकरी फक्त एवढेच पाहील, की ते ठराविक सीमेच्या बाहेर तर जात नाही ना. सीमा ओलांडली जाणार असे दिसताच तो सूत्रे स्वतःकडे घेतो. २०१४ पासून अमेरिकेच्या एफ-१६ विमानांत असाच एक पहारेकरी माणसांवर बसविलेला आहे. विमान आता जमिनीवर आदळणार असे त्याच्या हिशेबात आले, की तो वैमानिकाला न विचारता विमान सरळ करतो व वर खेचतो, आणि मग सूत्रे परत देतो. तीव्र वळणात रक्त डोक्यातून उतरून बेशुद्ध झालेल्या वैमानिकांचे प्राण त्याने वाचविले आहेत. या पहारेकऱ्याला युद्धशास्त्र कळत नाही, डावपेच कळत नाहीत. त्याला एकच शब्द येतो : ‘नाही’. १९४३ साली मॅककलक व पिट्स यांनी आपल्या पेशीला दिलेला तो निरपवाद नकार आठ दशकांनी असा जालाच्या बाहेर, त्याच्या डोक्यावर येऊन बसला आहे.

सोपा वाटला तरी हा तोडगा बिनधोक नाही. पहारेकरी फार लौकर हस्तक्षेप करू लागला तर हुशार यंत्राचा उपयोगच राहत नाही. फार उशिरा केला तर उपयोग कोणालाच होत नाही. दोघांनी आळीपाळीने सूत्रे ओढली तर विमान हेलकावे खाऊ लागते. शिवाय जमीन कोठे आहे हे सांगता येते; पण समोरचे विमान शत्रूचे आहे की आपले, त्यावर तोफ डागणे न्याय्य आहे की नाही, ही सीमा आकड्यांत कशी लिहावयाची? सरकारी निर्णयाच्या तळाशी कोणाची तरी सही असते. निर्णय चुकला तर त्या सहीकडे बोट दाखविता येते, आणि सही करणाऱ्याला ते ठाऊक असल्यामुळे त्याचा हात थोडा जपून चालतो. कोट्यवधी भारांच्या जालात अशी जागाच नसते, की जेथे बोट ठेवून ‘येथे ठरले’ असे म्हणता येईल. शिस्त आहे, समन्वय आहे, पण सही नाही. लढाऊ विमानाच्या बाबतीत ही उणीव केवळ तात्त्विक राहत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत येलहंक्याच्या प्रदर्शनात हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कारखान्याने ‘वॉरियर’ नावाच्या एका वैमानिकविरहित विमानाची प्रतिकृती मांडली. कल्पना अशी, की माणूस असलेले तेजस पुढे जाईल आणि अशी काही विमाने त्याचे सवंगडी म्हणून बरोबर उडतील. टेहळणी करतील, शत्रूचा मारा स्वतःवर घेतील, प्रसंगी स्वतः हल्ला करतील. जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण आकाराच्या नमुन्याचे इंजिन जमिनीवर चालवून पाहण्यात आले. सूर्यकिरणच्या नऊ वैमानिकांनी जे डोळ्यांनी व हातांनी साधावयाचे, ते या विमानांना संवेदकांनी व शिकलेल्या जालांनी साधावे लागेल. आणि तेजसमधल्या वैमानिकाला स्वतःचे विमान सांभाळून या सवंगड्यांना काम सांगावे लागेल. एकेका पाळीची हालचाल सांगत बसणे त्याला शक्य नाही. तो फक्त हेतू सांगेल. उरलेले त्यांनी त्यांचे ठरवावयाचे.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो बिनतारी दुव्याचा. शत्रू सर्वांत आधी हाच दुवा तोडावयास पाहणार, यात शंका नाही. दुवा तुटला त्या क्षणी सवंगड्याने काय करावयाचे? परत फिरावे, घिरट्या घालाव्या, की सांगितलेले काम पुरे करावे? पहिली दोन उत्तरे पहारेकऱ्याला शिकविता येतात. तीत भूगोल आणि इंधन यांचाच हिशेब आहे. तिसरे उत्तर निवडावयाचे असेल, तर ते विमान जमिनीवरून उठण्यापूर्वीच, उजेडात, कोणीतरी सही करून निवडून ठेवावे लागेल, कारण एक्स-६२ए मध्ये खटक्यापाशी बसलेल्या माणसासाठी जी जागा होती, ती वॉरियरमध्ये ठेवलेली नाही.